मी काय वाचलं, सांगा

बँकेतल्या बाईवर लिहून राहिलोय म्हणल्यावर तुमच्या डोळ्यापुढं काय आलं ते मला बराबर मालूम हाय. काचेमागं बसलेली बाई, हातात चहा, समोर रांग अन् तोंडात ‘उद्या या’. न्हाईतर मग दुसरं टोक. म्हाताऱ्यांना ‘बाबा, पाणी घ्या’ म्हणणारी, जिच्या निरोपाला अख्खं गाव रडलं अशी बाई. दोन्हीतली एकबी इथं मिळणार न्हाई. औरादे मॅडम रिटायर झाल्या तेव्हा निम्मं गाव खूश झालं. का, तर आता पाच मिनटाच्या कामाला पंधरा मिनटं लागणार न्हाईत.

अन् मी त्यांचा लाडका होतो असंबी समजू नका. त्यांनी मला ज्या नावानं हाक मारली ते ‘बहुरूप्या’. चिडल्या की ‘गजानन’. मी ‘गजानन’ जास्त वेळा ऐकलंय.

मी लातूरजवळच्या मुरुडच्या पुढच्या एका गावचा. गावाचं अन् बँकेचं नाव सांगत न्हाई, पगार अजून त्याच बँकेचा खातो. क्लार्क हाय. नकला करणं हा माझा धंदा न्हाई, रोग हाय. माणूस दोन वाक्यं बोलला की त्याचा आवाज माझ्या गळ्यात येऊन बसतो. शाळेतले हेडमास्तर, येष्टीचा कंडक्टर, मेडिकलवाला, लातूरहून फोन करणारे मोठे साहेब, सगळे माझ्यात भाड्यानं राहतात. फक्त औरादे मॅडमचा आवाज मला कधी काढता आला न्हाई. लई प्रयत्न केला. त्या आवाजाला धरायला कुठं कड नव्हती. ना चढ, ना उतार, ना ‘म्हणजे कसं हाय बघा’. जे कागदावर, तेच तोंडात.

मूळच्या उदगीरच्या. कपाळावर विभूतीचे तीन पट्टे, गळ्यात कापडात बांधलेलं लिंग, चष्म्याला काळी दोरी. लातूरहून सकाळच्या गाडीनं यायच्या अन् खिडकी नंबर दोनला बसायच्या. लग्न केलं न्हाई. का, ते विचारायची हिंमत शाखेत कुणाची झाली न्हाई. डब्यात कडक भाकरी अन् शेंगाची चटणी. भाकरी मोडायचा आवाज माझ्या टेबलापर्यंत यायचा. राग आला की एकदम कानडीत शिरायच्या. ‘सुम्म कुंद्रू!’ म्हणजे गप बस. हे दोन कानडी शब्द मी त्यांच्याकडूनच शिकलो, अन् रोज एकदा तरी उजळणी व्हायची.

त्यांची एक रीत होती. कसलाबी कागद असो, वारस लावायचा, मुदत ठेवीची पावती मोडायची, पत्ता बदलायचा, त्या तो गिऱ्हाइकाला आधी मोठ्यानं वाचून दाखवायच्या. छापील मराठीत न्हाई, समोरच्याच्या बोलीत. मग कागद उलटा करून त्यावर तळहात ठेवायच्या अन् म्हणायच्या, “मी काय वाचलं, सांगा.”

गिऱ्हाइकानं सांगायचं. चुकलं तर परत वाचायच्या. बराबर आलं की मगच सही. मागची रांग कुरकुरायची, “ओ मॅडम, शाळा भरवली का काय?” त्या वर न बघता म्हणायच्या, “भरली. तुमचा नंबर सातवा हाय. तवर पाठ करा.”

अंगठा लावणारी माणसं तर त्यांच्याकडं पंधरा मिनटं बसायची. अंगठा झाला की त्या ड्रॉवरमधून खोबरेल तेलाची बाटली अन् मऊ फडकं काढायच्या अन् त्या माणसाच्या अंगठ्याची शाई सोता पुसायच्या. “काम बँकेचं. डाग तुम्ही घरी कशाला न्यायचा?” एवढंच बोलायच्या. त्यांच्याकडून उठलेल्या बायका बाहेर पायरीवर अंगठ्याचा वास घेऊन बघायच्या, हे मी स्वतः बघितलंय.

नवीन मॅनेजर आले, वाघ साहेब. माणूस वाईट नव्हता. रोज चार वाजता लातूरहून मोठ्या साहेबांचा फोन यायचा अन् साडेतीनपासूनच वाघ साहेबांच्या कपाळावर घाम. इमा किती, इमा किती, एवढंच विचारायचे तिकडून. बँकेत पैसे ठेवायला आलेल्या माणसाला कंपनीची इम्याची पॉलिसी द्यायची, महिन्याला ठरलेल्या द्यायच्याच. साहेबांनी त्याचं एक मोठं रंगीत बॅनर आणलं अन् भिंतीवरच्या खिळ्याला लावलं. त्या खिळ्याला आधीपासून एक पाटी होती. ‘ग्राहकांचे हक्क’. न्याय्य वागणूक, खरी माहिती, माणसाला जी गरज तीच योजना, खात्याची गुप्तता, तक्रार ऐकून घेणं, अशी पाच कलमं. बारीक अक्षर, वर धूळ. कुणी वाचत नव्हतं. आता बॅनरखाली पूर्ण झाकली.

दुसऱ्या दिवशी सकाळी बॅनर दरवाजामागच्या खिळ्याला. पाटी मोकळी, पुसलेली.

साहेबांनी बॅनर परत पहिल्या खिळ्याला लावलं. तिसऱ्या दिवशी परत दरवाजामागं. असं अकरा दिवस चाललं. दोघं एकमेकांशी एक शब्द बोलले न्हाईत यावर. आम्ही सकाळी आल्या आल्या आधी भिंत बघायचो. बाराव्या दिवशी साहेबांनी दुसरा खिळा आणला.

गावातल्या आडतीचे मालक एकदा आले. मोठं दुकान, मॅडमच्याच समाजातले. रांग सोडून सरळ खिडकीशी. हळूच म्हणले, “अक्का, धाकट्याच्या खात्यावर काय शिल्लक हाय तेवढं बघा की. वाटणीचं चालू हाय घरात.”

“धाकट्याला पाठवा,” मॅडम म्हणल्या.

“आता आपल्यातल्याच तुम्ही. एवढं न्हाई का सांगायचं?”

“आपल्यातली मी घरी. इथं मी खिडकी नंबर दोन. अन् तुमच्यापुढं चार माणसं उभी हायत.”

मालकाचं तोंड लाल झालं. पुढच्या महिन्यात त्यांनी आपलं मोठं खातं दुसऱ्या बँकेत नेलं. साहेबांनी मॅडमला केबिनमधी अर्धा तास उभं केलं. बाहेर येऊन त्या खुर्चीवर बसल्या अन् पुढचा फॉर्म उचलला. वाचायचा आवाज रोजचाच. त्या दिवशी मी त्यांची नक्कल करायचा शेवटचा प्रयत्न केला. जमली न्हाई.

आता दगडूमामाचं. हे सांगायचं मी अर्ध्यापर्यंत टाळलं हे तुमच्या लक्षात आलं आसंल.

दगडूमामा आमच्या शाळेचा शिपाई. घंटा त्याच्या हातात. बोलण्याआधी एकदा खाकरायचा, मग ‘हाव’, मग वाक्य. ‘खर्र… हाव, वाजवतो.’ मी पाचवीत असताना त्याचा आवाज उचलला. सातवीत असताना एका दुपारी भिंतीमागून मामाच्या आवाजात वरडलो, “खर्र… हाव! सुट्टी झाली रे पोरांनो!” अख्खी शाळा रिकामी. हेडमास्तरांनी मामाला लेखी खुलासा मागितला. मामाला चांगलं ठाऊक होतं भिंतीमागं कोण होतं. त्यानं नाव सांगितलं न्हाई. ‘चुकून बोललो,’ असं लिहून दिलं.

तो मामा रिटायर झाला अन् मिळालेले पैसे घेऊन माझ्या खिडकीला आला. मॅडम चार दिवस रजेवर होत्या, उदगीरला पुतणीचं लग्न. महिनाअखेर. साहेबांच्या तीन पॉलिस्या कमी.

“गजू,” मामा म्हणला, “वर्षाची पावती कर. पुढच्या पाडव्याला वस्तीवर पिठाची गिरणी टाकायची हाय. बाया दळण डोक्यावर घेऊन तीन किलोमीटर येतात. त्यांना मी शब्द दिलाय. वर्षानं पैसा हातात पाहिजे बघ.”

वर्षानं पाहिजे. मी ऐकलं होतं. ऐकलं न्हाई असं म्हणायला मला जागा न्हाई. केबिनच्या काचेतून साहेब माझ्याकडं बघत होते. मी मामापुढं इम्याचे कागद ठेवले अन् बोटानं दाखवत गेलो. इथं सही, इथं, इथं. मामानं सात सह्या केल्या. एका ठिकाणी थांबून म्हणला, “लई कागद हायत रं.” मी म्हणलं, “आता नियम वाढलेत मामा.” तो म्हणला, “हाव, तू हाय म्हणल्यावर.”

मोबाईल नंबरच्या रकान्यात मी माझा दुसरा नंबर टाकला. कारण कंपनीच्या हापिसातून खात्री करायला फोन येतो. गिऱ्हाईक भलतंच बोललं की पॉलिसी अडकते. साहेब म्हणले होते, “तू बघ ते. तुला जमतंय.”

जमलं. तिसऱ्या दिवशी दुपारी फोन आला. एक पोरगी गोड आवाजात एकेक विचारत होती, मुदत दहा वर्षं, हप्ता दरवर्षी, मध्ये पैसे निघत नाहीत, हे आपल्याला समजलं का? मी तिन्ही वेळा खाकरलो. “खर्र… हाव, बाई. समजलं.” शाखेतले सगळे तोंड दाबून हसत होते. साहेबांनी पाठीवर थाप मारली. मला, खरं सांगतो, लई भारी वाटलं. नाटकात बक्षीस मिळाल्यासारखं.

दीडेक महिन्यानं, एका गुरुवारी, जेवणाची सुट्टी नुकतीच संपलेली. मामा आला. माझ्यापुढं रांग होती म्हणून मॅडमच्या खिडकीला गेला. प्लॅस्टिकच्या पिशवीतून त्यानं एक जाड पाकीट काढलं. पाकिटावर हळदकुंकू लावलेलं. पोष्टानं आलं तसं त्यानं ते न फोडता देव्हाऱ्यात ठेवलं होतं. पावती हाय म्हणून.

“मॅडम, गिरणीवाल्याला तारीख सांगायची हाय. ह्यात बघून सांगा, पैसा कोणत्या तारखेला निघतो.”

मॅडमनी पाकीट फोडलं. वाचलं. मग रीतीप्रमाणं मोठ्यानं वाचायला लागल्या. दहा वर्षं. दरसाल हप्ता. पाच वर्षं काढता येत न्हाई. मी नोटा मोजत होतो, आकडा विसरलो. परत पहिल्यापासून मोजायला लागलो, परत विसरलो.

कागदावर तळहात ठेवून त्या म्हणल्या, “मामा, मी काय वाचलं, सांगा.”

मामा हसला. “मॅडम, हे दुसऱ्या कुणाचं आसंल.”

“नाव तुमचं हाय. सही तुमची हाय?”

मामानं डोळे बारीक करून बघितलं. “हाव. हाय.”

“तुम्हाला कंपनीचा फोन आला होता?”

“न्हाई जी.”

“हा मोबाईल नंबर तुमचा?”

मामानं आपला फोन काढला. मागं कागदाची चिठ्ठी चिकटवून त्यावर पोराच्या अक्षरात नंबर लिहिलेला. मॅडमनी दोन्ही नंबर शेजारी धरून बघितले. मग टेबलावरचा फोन उचलला अन् पॉलिसीवरचा नंबर फिरवला.

इथं एक सांगायचं राहिलं. माझ्या मोबाईलची रिंगटोन मी सोता भरली होती. वाघ साहेब मला आडनावानं हाक मारून वरडतात तशी, त्यांच्याच आवाजात.

“कदम! टार्गेट कुठंय? कदम! टार्गेट कुठंय?”

माझ्या खिशातून अख्ख्या शाखेत. रांगेतली माणसं हसली. केबिनमधून साहेब उठून उभे राहिले. मी खिशात हात घातला पण फोन बंद करायचं बटण सापडंना. मॅडमनी फोन कानाला तसाच धरला होता अन् माझ्याकडं बघत होत्या. सहा वेळा वाजला. मग त्यांनी हळू रिसीव्हर खाली ठेवला.

नजर परत कागदावर नेली. पॉलिसीचं शेवटचं पान काढलं, बोट फिरवत खाली आल्या. कागद हातात पडल्यापासून तीस दिवसांत परत करता येतो. “मामा, पोष्टमन कधी आला होता?”

“संकष्टीच्या दिवशी. मी उपाशीच होतो.”

मॅडमनी बोटांच्या पेरांवर मोजलं. मग भिंतीवरचं कॅलेंडर बघितलं. मग घड्याळ. “आज तिसावा,” त्या म्हणल्या. स्वतःशीच.

पॉलिसी घेऊन त्या केबिनमधी गेल्या. दार उघडंच होतं, आम्हाला सगळं ऐकू येत होतं.

“साहेब, परतीचा अर्ज घ्या अन् आजचा शिक्का मारा.”

“मॅडम, त्या महिन्याचा आकडा वर कळवलाय मी. आता परत गेली तर मला काय विचारतील? उद्या शांतपणे बोलू.”

“उद्या एकतिसावा हाय.”

“मग कंपनीच्या लातूरच्या हापिसात जावा म्हणावं. शाखेत घेत न्हाई आम्ही.”

“घेता येतो.”

“मी घेत न्हाई!” साहेबांचा आवाज फाटला. एरवी मी तो लगेच उचलला असता.

मॅडम बाहेर आल्या. अर्ध्या दिवसाच्या रजेचे दोन अर्ज लिहिले. एक माझ्यापुढं ठेवला अन् वाचून दाखवला. “खाजगी कामासाठी दुपारनंतर रजा मिळावी.” तळहात ठेवला. “मी काय वाचलं, सांग.”

मी रडायच्या बेतात होतो. “खाजगी कामासाठी… दुपारनंतर… रजा.”

“कर सही.”

काळ्यापिवळ्या जीपमधी मामा मधी, एका बाजूला मॅडम, एका बाजूला मी. मामाला अजून नीट कळलं नव्हतं. तो म्हणला, “मॅडम, गजूला कशाला तरास? त्याचं काम पडलं आसंल.” मॅडम म्हणल्या, “काय झालं ते गजानन सांगंल तुम्हाला.” अन् खिडकीबाहेर बघायला लागल्या. मामा माझ्याकडं वळला. मी म्हणलं, “सांगतो, मामा.” अन् सांगितलं न्हाई. सगळ्या रस्त्यानं न्हाई. मामानं खिशातून भाजलेल्या शेंगा काढून माझ्या हातावर ठेवल्या. त्या मी मुठीत धरून ठेवल्या. खायची हिंमत नव्हती अन् परत द्यायचीबी.

मधी दोनदा जीप थांबली, शिटा भरायला. दुसऱ्यांदा मॅडम ड्रायव्हरला म्हणल्या, “रिकाम्या शिटांचे पैसे मी देते, चल.” आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मी घाईत बघत होतो.

लातूरचं हापिस तिसऱ्या मजल्यावर. मामाचे गुडघे धरलेले, एकेक पायरी. वर पोचलो तेव्हा सव्वाचार. टेबलामागं टाय लावलेला पोरगा, माझ्याच वयाचा. पाचला बंद होतं म्हणला. मॅडमनी परतीचा फॉर्म मागितला, मामाला वाचून दाखवला. मामानं पेन उचलला.

“काका, एक मिनट,” पोरगा म्हणला. गोड बोलत होता. “चांगली पॉलिसी हाय, परत कशाला करताय? तुम्ही तर फोनवर हो म्हणलात. हे बघा, रेकॉर्डिंग.” अन् त्यानं कॉम्प्युटरवर ते लावलं.

खर्र… हाव, बाई. समजलं.

तीन प्रश्न, तीन वेळा. हाव. समजलं. हाव.

मामा स्पीकरकडं बघत बसला. म्हणला, “परत लावा.” पोरानं परत लावलं. मामाचा पेन हळूहळू खाली आला अन् टेबलावर टेकला.

“आवाज तर माझाच हाय,” मामा म्हणला. “वय झालं. इसरलो आसंल.” मग मॅडमकडं बघून, “मी हाव म्हणून शब्द दिला आसंल तर आता फिरवायचा कसा, मॅडम? ऱ्हाऊ द्या.”

“वस्तीवरच्या बायांना शब्द दिलाय न्हाई का तुम्ही? गिरणीचा?” मॅडम म्हणल्या.

“तोबी दिलाय.” मामाचा आवाज बारीक झाला. “आता दोन्हीतला कोणचा मोडू?”

माझी नजर घड्याळावर. साडेचार होऊन गेलेले. मला वाटलं मॅडम आता बोलतील. त्यांना सगळं ठाऊक होतं. एक वाक्य टाकलं असतं तर काम झालं असतं. पण त्या म्हणल्या, “सही करायची का न्हाई ते तुमचं, मामा. मी कर म्हणणार न्हाई.” चष्मा काढला, पदरानं पुसायला लागल्या. माझ्याकडं बघितलं न्हाई. पुसत राहिल्या. त्या चष्म्यावर काहीच नव्हतं.

मी उठलो. “मामा, त्याचं असंय,” मी बोलायला लागलो अन् तोंडातून निघाला वाघ साहेबांचा आवाज. “थोडा समज-गैरसमज झालाय आपला…” भ्यालो की माझं असंच होतं. कुणीतरी दुसराच पुढं येतो.

“सुम्म कुंद्रू!” मॅडम म्हणल्या.  मग त्या हळू म्हणल्या, “तुझ्या आवाजात.”

खरं सांगू? माझा आवाज कसा हाय तेच मला सापडंना. घशात सगळे होते, मीच नव्हतो. कसंबसं निघालं. “मामा, तो तुमचा आवाज न्हाई. मी काढला होता. फोन मला आला होता. तुम्ही वर्षाची पावती म्हणला होता, मी दहा वर्षांचं गळ्यात घातलं.”

टायवाला हसला. “असं कुठं असतंय का साहेब? आवाज जुळतोय की.”

त्याला पटंना. घड्याळ पुढं चाललेलं. मग मी मामाच्या तोंडाकडं बघत, त्याच्यासमोर बसून, खाकरलो. “खर्र… हाव, बाई. समजलं.”

हजार वेळा केलेली नक्कल. कधी न्हाई एवढी हुबेहूब आली. कुणी हसलं न्हाई. टायवाल्याचं तोंड उघडं राहिलं. मामा माझ्याकडं बघत होता, शाळेच्या दारात उभं राहून उशिरा आलेल्या पोराकडं बघायचा तसा.

“भिंतीमागून वरडला होतास,” मामा म्हणला. “तवाबी असाच.”

“हाव, मामा.”

त्यानं पेन उचलला. पण सही केली न्हाई. मॅडमला म्हणला, “एकडाव परत वाचा जी. मघाशी माझं ध्यान नव्हतं.” पाचला दहा कमी. टायवाला किल्ल्या गोळा करायला लागला होता. मॅडमनी पहिल्यापासून वाचलं, एक ओळबी न गाळता. कागदावर तळहात ठेवला. मामानं सगळं परत सांगितलं. कुठल्या कारणानं परत, किती दिवसांत पैसे, कोणत्या खात्यात. मग सही. मग शिक्का. मॅडमनी पोचेवरची तारीख बोटानं तपासली, आजचीच होती. तेव्हा त्यांनी श्वास सोडला, तो मला ऐकू आला.

खाली उतरताना मामानं माझ्या खांद्याचा आधार घेतला. तिसऱ्या जिन्यावर थांबून म्हणला, “आवाज नेलास तर नेलास, गजू. इचारायचं तरी.”

पैसे आले. गिरणी पाडव्याला सुरू झाली, मला नारळ फोडायला बोलावलं न्हाई, ते बराबरच होतं. जे केलं ते मी माझ्या अक्षरात लिहून वर दिलं. मॅडमनी ते लिहिताना एक शब्द सांगितला न्हाई, फक्त समोर बसून राहिल्या. मला ठपका अन् नांदेडला बदली. साहेबांची बदली कुठं झाली विचारू नका, बिचाऱ्याला अजून चार वाजता घाम फुटत आसंल. मॅडम रिटायर झाल्या अन् भावाकडं नांदेडला ऱ्हायला आल्या, हे मला माहीत नव्हतं.

परवा दुपारी मान वर केली तर समोरच्या बाकड्यावर त्या. तीन पट्टे, काळी दोरी, हातात टोकन. मागच्या कितीतरी वेळापासून बसलेल्या. मी ताडकन उठलो. “मॅडम! आत या की. चहा सांगतो.”

त्यांनी टोकन वर करून दाखवलं. पुढं तीन माणसं होती. बसून राहिल्या. मी ती तीन माणसं उरकली. नीट उरकली, वाचून दाखवून, विचारून, कारण दोन डोळे माझ्यावर होते.

मग त्या आल्या. खात्याला वारस लावायचा होता. मी फॉर्म भरला, मोठ्यानं वाचून दाखवला, कागद उलटा केला, त्यावर तळहात ठेवला. शाळेतल्या हुशार पोरासारखा म्हणालो, “मी काय वाचलं, सांगा मॅडम.”

“माझ्यामागं खात्यातले पैसे माझ्या भावाला,” त्या म्हणल्या.

“बराबर,” मी म्हणलं अन् पेन पुढं केला.

त्यांनी पेन घेतला न्हाई. चष्म्यावरून बघितलं. अन् मग सगळ्या हॉलला ऐकू जाईल असं सुरू झाल्या.

“गजानन! कागदावर पुतणीचं नाव हाय. तू सोता लिहिलंस. मी भाऊ म्हणले अन् तू मान हलवलीस! इचारलंस कशाला मग? तोंडानं इचारायचं अन् कान घरी ठेवायचे? मघाच्या तिघांचं कसं ऐकत होतास, बघितलं मी. का, तर ते अनोळखी. मी वळखीची, मग मला समजलंच आसंल. मामाबी वळखीचाच होता ना रे? वळखीचा माणूसच न वाचता सही करतो, एवढं अजून डोक्यात शिरलं न्हाई तुझ्या? कशाला हसून राहिलास? सुम्म कुंद्रू! वाच परत, पहिल्यापासून. अन् त्याच्याआधी उठून मागच्या माणसांना सांग, उशीर कुणामुळं होऊन राहिलाय ते. तुझ्या आवाजात सांग.”